थित खो ताउ: शहाळ्याच्या पाण्यातलं व्हिएतनामी पोर्क घरी कसं करायचं (आणि मसाल्याचा डबा का लपवायचा)

सगळ्यात आधी मसाल्याचा डबा उचला आणि दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. चेष्टा नाही करत. मी मूळचा मालवणकडचा, आमच्याकडे मटण म्हटलं की हात आपोआप वाटपाकडे जातो, आणि व्हिएतनामहून परत आल्यावर पहिल्यांदा हे पोर्क केलं तेव्हा "चिमूटभर हळद, कुणाला कळतंय" म्हणून टाकली, मग हळद आहे तर आलं का नको, आलं आहे तर दोन लवंगा जाऊदेत, असं करत करत शेवटी जे झालं ते चवीला वाईट नव्हतं, भाकरीबरोबर संपलंही, पण ते आपलं पोर्क सुकं होतं. सायगॉनचं नव्हतं.

ह्या पदार्थात हळद नाही, आलं नाही, फोडणी नाही, वाटण नाही, कोथिंबीर नाही. डुकराचं मांस, उकडलेली अंडी, करपवत आणलेली साखर, फिश सॉस आणि शहाळ्याचं पाणी. लसूण आणि छोटे कांदे आहेत पण तेही मागच्या बाकावर. सगळी कमाल साखर कुठे थांबवली आणि गॅस किती बारीक ठेवला ह्यात आहे, म्हणून ह्या दोन गोष्टींवर मी खाली जरा जास्तच बोलणार आहे, बाकीचं पटकन उरकू.

हे नक्की आहे काय

नाव थित खो ताउ. थित म्हणजे मांस. खो म्हणजे (आपल्या खो-खोतला नाही) खारट-गोड रसात मंद आचेवर मुरवत शिजवणं, तिकडे मासेही खो करतात, मातीच्या भांड्यात. 'ताउ'वर मात्र वाद आहे. बरेच जण सांगतात की ताउ म्हणजे चिनी, म्हणजे चिन्यांकडून आलेली पद्धत. पण मेकाँगच्या खोऱ्यातली काही जुनी माणसं म्हणतात की तिकडच्या बोलीत ताउ म्हणजे सौम्य, ना धड खारं ना धड गोडं पाणी असतं तसं, आणि तिथल्या काही नद्यांच्या नावातही हा शब्द आहे. मला दुसरा अर्थ जास्त पटतो कारण चव खरंच तशीच लागते. चीनमध्ये अशा पोर्कमध्ये सोया सॉस आणि दारू असते, इथे त्या जागी फिश सॉस आणि शहाळं आलं, आणि तिथेच पदार्थ बदलला.

हा दक्षिण व्हिएतनामचा पदार्थ. उत्तरेत, म्हणजे हनोईकडे, शहाळं घालत नाहीत, तिकडचं खो जास्त खारट आणि कोरडं असतं, आणि नवीन वर्षाला ते थंडीत गोठवलेलं 'थित दोंग' करतात. दक्षिणेत थंडीच नाही, गोठणार कुठून. त्यामुळे तेतला, म्हणजे त्यांच्या चांद्र नववर्षाला, जे जानेवारीच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपास किंवा फेब्रुवारीत येतं, जवळपास प्रत्येक घरात ह्या पोर्कचा मोठा टोप चढतो. कारण एकदम व्यवहारी आहे. पूर्वी तेतचे तीन-चार दिवस बाजार पूर्ण बंद असायचे, त्यामुळे रोज नुसतं उकळी आणून ठेवलं की टिकेल आणि दिवसागणिक चांगलंच लागेल असं काहीतरी हवं होतं. चौकोनी मांस आणि गोल अंडी म्हणजे सगळं नीट जुळून आलं असा शुभ अर्थही लावतात. शेजारी कारल्याचं सूप असतं, कारल्यात पोर्कचा खिमा भरून, कारण कारल्याला दक्षिणेत 'खो क्वा' म्हणतात आणि त्याचा दुसरा अर्थ होतो कष्ट सरले. आपण पाडव्याला कडुलिंब खातो, ते कारलं खातात. असो.

मी दोन वर्षं सायगॉनला होतो, १९७६ पासून कागदावर ते हो चि मिन्ह सिटी आहे पण बोलताना लोक अजून सायगॉनच म्हणतात. बिन्ह थान्ह भागात एका घराच्या वरच्या मजल्यावर राहायचो. घरमालकीणबाईंना सगळे 'को बा' म्हणायचे. को म्हणजे आत्या आणि बा म्हणजे तीन, पण त्या खरं तर दुसरं अपत्य, कारण दक्षिणेत थोरल्याला 'एक' म्हणतच नाहीत, मोजणी दोनापासून सुरू. नातं लावल्याशिवाय तिथे बोलणंच सुरू होत नाही, अगदी आपल्यासारखं. मी पस्तिशीचा बाप्या, तरी त्या मला 'कॉन' म्हणायच्या, म्हणजे लेकरू. जे शिकलो ते त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, भाषा अर्धवट, त्यामुळे मापं सगळी नजरेची. खालची मापं मी नंतर पुण्यात करून करून, तीन-चार वेळा फसून ठरवलीत.

सामान (५-६ माणसांना, किंवा दोघांना तीन दिवस)

पोर्क १ किलो, कातड्यासकट बेली.
अंडी ८.
शहाळ्याचं पाणी १ लिटर, म्हणजे ३-४ शहाळी.
फिश सॉस ५ मोठे चमचे, पण एकदम नाही.
साखर ३ ते ४ मोठे चमचे, त्यातली २ कॅरॅमलला.
लसूण ८ पाकळ्या, सांबारात घालतात तसले छोटे कांदे ५-६, ठेचून.
काळी मिरी जाडसर कुटून अर्धा चमचा.
३-४ लवंगी मिरच्या, अख्ख्या, देठासकट.
मीठ, व्हिनेगर थोडं धुण्यापुरतं.

बस एवढंच. यादी बघून "ह्याने काय होणार" असं वाटेल, मलाही वाटलेलं.

मांस घेताना

बेली म्हणजे पोटाकडची पट्टी, वर कातडं, मग चरबी, मग मांस, परत चरबी, परत मांस. तिकडे बा रोय म्हणतात. चरबी आणि मांस साधारण निम्मं-निम्मं असलेला तुकडा बघा. चरबीची भीती वाटत असेल तर ६०० ग्रॅम बेली आणि ४०० ग्रॅम मांडी घ्या, तिकडेही बरेच जण तसं करतात, पण नुसती मांडी घेऊ नका, दोन तासांनी दोरखंड होतो.

पुण्यात कॅम्पात, मुंबईत वांद्रे-माहीमकडे, वसईत, गोव्यात तर प्रश्नच नाही, पोर्क नीट मिळतं. अडचण एवढीच की आपल्याकडे कसायाला पोर्क म्हटलं की तो करीचे बारीक तुकडे करायला घेतो, विंदालूच्या मापाचे. त्याला आधीच सांगायचं, "स्किनसकट बेलीची सबंध पट्टी द्या, कापू नका." पाकीटबंद बेली बऱ्याचदा कातडं काढलेली असते. तीच मिळाली तर बरोबर पायाचा एक तुकडा घ्या, कारण रस ओठाला चिकटेल असा दाट होतो तो कातड्यातल्या चिकामुळे, कॉर्नफ्लॉवर वगैरे इथे कुणी लावत नाही.

कातड्यावर केस राहिलेले असतात, पट्टी चिमट्यात धरून भरताचं वांगं भाजतो तशी कातड्याची बाजू गॅसवर फिरवायची, वास येईल, येऊ द्या, मग सुरीने खरवडून धुवायची. नंतर मोठ्या भांड्यात पाणी, एक चमचा मीठ, एक चमचा व्हिनेगर, उकळी आली की अख्खी पट्टी त्यात ५ मिनिटं. वर राखाडी फेस येतो तो सगळा टाकून द्यायचा. ह्याने वास जातो आणि दुसरा फायदा म्हणजे पट्टी घट्ट होते, तुकडे सरळ कापता येतात, नाहीतर कच्ची बेली सुरीखाली साबणासारखी सटकते.

तुकडे मोठे. काडेपेटीच्या लांबीएवढे, ४-५ सेंटिमीटरचे चौकोन, प्रत्येकात कातडं-चरबी-मांस तिन्ही आलं पाहिजे. आता फार मोठे वाटतील, शिजल्यावर आकसतात. मी एकदा पाहुणे जास्त म्हणून लहान केले, तासाभरात चरबी वितळून गेली आणि टोपात नुसते धागे.

मग ३ चमचे फिश सॉस, १ चमचा साखर, मिरी, अर्धा लसूण आणि अर्धे कांदे चोळून अर्धा ते एक तास ठेवायचं. रात्रभर नको, मीठ मांसातलं पाणी ओढून घेतं.

फिश सॉसबद्दल दोन शब्द

नुओक माम. छोटे मासे, अँचोव्हीच्या जातीचे, आणि मीठ, साधारण तीनास एक, लाकडी पिंपात वर्षभर, आणि खालून जो लालसर रस गळतो तो. फू क्वोक बेटाचा सगळ्यात नावाजलेला, २०१२ साली त्याला युरोपियन युनियनचं भौगोलिक संरक्षण मिळालं, आपल्या जीआय टॅगसारखं. बाटलीवर ३० किंवा ४० असा आकडा आणि त्यापुढे एन असतो, तो लिटरमागे नायट्रोजन किती ग्रॅम ते सांगतो, जितका जास्त तितका रस कसदार. आपल्याकडे मोठ्या सुपरमार्केटात किंवा ऑनलाइन बहुतेक थायलंडच्या बाटल्या मिळतात, त्या चालतात, फक्त मागे घटक वाचा, मासे, मीठ, फार तर साखर एवढंच असावं. काही थाय सॉस जास्त खारट असतात म्हणून शेवटचा चमचा चव बघून घाला.

वासाने घाबरू नका. मी पहिल्यांदा बाटली उघडली तेव्हा आई आतल्या खोलीतून ओरडली, "सुकटीचा डबा उघडा टाकलास का रे?" जवळा, सुकट, बोंबील खाणाऱ्या घरात हा वास काही नवा नाही, आणि पंधरा मिनिटं उकळल्यावर मासा कुठे आहे ते सांगताही येत नाही, फक्त मांस जास्त मांसासारखं लागतं. मासे नकोच असतील तर सोया सॉस घाला, पण मग रंग लवकर येतो म्हणून कॅरॅमल जरा कमी जाळा.

कॅरॅमल: सगळी गंमत आणि सगळी भीती

तिकडे ह्याला नुओक माउ म्हणतात, रंगाचं पाणी. बाजारात तयार बाटल्यासुद्धा मिळतात, बेन त्रे भागात, म्हणजे नारळाच्या राज्यात, तर नारळाचं पाणी तासन्‌तास आटवूनही करतात. आपण साखरेचं करू.

जाड बुडाचा स्टीलचा टोप घ्या. काळा नॉनस्टिक नको, काळ्यावर रंग दिसत नाही आणि इथे सगळं रंगावर चाललंय. २ मोठे चमचे साखर, १ चमचा पाणी, मध्यम गॅस. ढवळायचं नाही, टोप हलवायचा. शेजारी अर्धी वाटी गरम पाणी तयार ठेवा, गरमच, आणि मुरवलेलं मांस हाताशी ठेवा, कारण शेवटचा अर्धा मिनिट फोन, दूधवाला, पोरं काहीही बघायला वेळ नसतो.

आधी साखर विरघळून बुडबुडे येतात, हा चिक्कीचा पाक, इथे आपल्याला सवयीने थांबावंसं वाटतं. थांबू नका. मग कडेने पिवळसर, मग मधासारखा, मग कॅरॅमल कस्टर्डच्या डब्यात आपण लावतो तसा सोनेरी तपकिरी. इथेही थांबू नका. कस्टर्डच्या रंगावर थांबलात तर पोर्क फिक्कं आणि गुळचट होतं, माझं दुसऱ्या खेपेला असंच झालं, आजारी माणसाच्या जेवणासारखं दिसत होतं. अजून पुढे जायचं, कोऱ्या चहाचा रंग, मग चहा फार उकळल्यावर येतो तो लालसर काळा, बारीकसा धूर सुटायला लागतो आणि वासात गोडाबरोबर किंचित कडसर झाक येते. आता. गॅस बंद आणि मांस आत. भिजलेलं मांस पडलं की आच उतरते आणि साखर तिथल्या तिथे थांबते.

गरम पाणी कशाला मग? ते चुकलात तर वापरायला. रंग तुमच्या हाताच्या वेगापुढे पळायला लागला तर चमचाभर गरम पाणी लांबून ओता, फुसकन उडेल, तोंड लांब ठेवा. वितळलेली साखर १६०-१७० अंशांच्या वर असते, उकळत्या पाण्यापेक्षा कितीतरी गरम आणि वर कातडीला चिकटते, त्यामुळे लांब बाह्यांचा शर्ट घाला आणि लहान पोरांना स्वयंपाकघरातून हाकला.

आणि पुरती काळी झाली, डोळ्यात जाणारा धूर आला, तर फेकून द्या. दोन चमचे साखर आहे, सोनं नाही. मी एकदा जीव नाही झाला म्हणून तशीच पुढे ढकलली, वाटलं दोन तासांत शिजून जाईल कडूपणा, शहाळ्यात मुरेल, वर साखर घालू. कडूपणा कुठेही जात नाही. किलोभर मांस, चार शहाळी आणि अख्खी दुपार गेली.

ही एवढी जाळलेली साखर गोडीसाठी नाहीच, हे एकदा लक्षात आलं की हात धीट होतो. गोडी तिची जवळजवळ गेलेली असते, उरतो तो रंग आणि तो खमंगपणा जो आपण भाजलेल्या खोबऱ्यातून काढतो. वाटपाची जागा इथे ह्या साखरेने घेतलीये, म्हणून तर वाटप लागत नाही.

आता शिजवणं

मांस टोपात पडलं की परत गॅस मध्यम, उरलेला लसूण-कांदा घाला आणि ५-७ मिनिटं परता, प्रत्येक तुकड्याला रंग लागून कडा आवळल्या पाहिजेत. साखरेचे खडे झालेले दिसतील, घाबरू नका, विरघळतात.

मग शहाळ्याचं पाणी. सगळं मांस बुडून वर दोन बोटं राहायला हवं, कमी पडलं तर साधं गरम पाणी घाला.

शहाळ्याचंच पाणी बरं का. नारळाचं दूध नाही! व्हिएतनामी जेवण म्हणजे थाय करीसारखं काहीतरी, असं डोक्यात असतं आणि लोक दूध ओततात, ते फुटतं, वर तेल तरंगतं आणि सगळा प्रकार तेलकट होतो. जून नारळाचं पाणी चालेल का? निम्मं चालेल, पूर्ण नको, ते खारट-आंबूस असतं आणि आटल्यावर जास्तच. पॅकमधलं घेतलं तर साखर घातलेली नाही ना बघा. अमेरिकेत राहणारे व्हिएतनामी लोक कोको रिको नावाचा नारळाच्या चवीचा सोडा वापरतात, तिकडे शहाळं कुठून आणणार. अमेरिकेतल्या आपल्या लोकांना एशियन दुकानात तो सहज सापडेल, फक्त बाकीची साखर मग जवळपास बंद करा. आणि इथे शहाळं वापरताना आधी घोटभर पिऊन बघा, काही शहाळी मस्त गोड निघतात आणि काही नुसती पाणचट, वरची साखर त्यावर ठरवायची. कोकणात राहणाऱ्याला ह्या बाबतीत सायगॉनवाल्यापेक्षा काही कमी नाही, उलट झाडावरून उतरवून घ्या.

उकळी आली की फेस काढायचा, चमच्याने, कंटाळा न करता, दहा मिनिटं. आणि मग गॅस एकदम बारीक. इतका बारीक की मधूनच कुठेतरी एखादा बुडबुडा येतोय, बस. झाकण नाही.

झाकण नाही, हे को बांनी मला इतक्या वेळा सांगितलं की मला व्हिएतनामीत ते वाक्य पाठ झालं. मी उरफाटा, पुण्यात गॅस वाचवायला झाकण ठेवलं. झालं असं की आतून खळाखळा उकळलं, चरबीचे बारीक कण रसात घुसळले गेले आणि रस गढूळ झाला, गाळलेल्या चहाऐवजी दुधाच्या चहासारखा. चवीला फार फरक नाही पण ह्या पदार्थाचा रस असा पारदर्शक, लालसर सोनेरी दिसायला हवा, टोपात खाली अंडं दिसलं पाहिजे. तेतला तिथल्या बायका एकमेकींच्या टोपात डोकावून आधी तेच बघतात.

मग कुकर? विचारणार माहितीये, मराठी घर आहे. होतं कुकरमध्ये, पण रस गढूळच होतो आणि चरबी वेगळी, मांस वेगळं पडतं. अगदीच घाई असेल तर परतणं सगळं वरच्यासारखं करून, शहाळ्याचं पाणी निम्मंच घालून एक शिट्टी आणि बारीक गॅसवर दहा मिनिटं, वाफ आपोआप जाऊ द्या, मग उरलेलं पाणी घालून उघड्यावर अर्धा तास. खाण्यालायक होतं. पाहुण्यांना करू नका.

मांस शिजतंय तोवर अंडी. उकळत्या पाण्यात ९ मिनिटं, गार पाण्यात, सोलून. अगदी ताजी अंडी नीट सोलत नाहीत, चार-पाच दिवसांची असलेली बरी. तिकडे बदकाची घालतात, बलक मोठा आणि स्निग्ध असतो, आपल्याकडे मिळाली तर नक्की घाला, नाहीतर कोंबडीची. टूथपिकने दोन-तीन ठिकाणी टोचलं की रस आत जातो असं म्हणतात, मी टोचतो, फार फरक दिसला नाही.

साधारण पाऊण तासाने अंडी आणि अख्ख्या मिरच्या रसात सोडायच्या, राहिलेल्या फिश सॉसपैकी १ चमचा घालायचा, आणि पुढे अजून पाऊण तास ते एक तास. मधून अंडी फिरवत राहा, नाहीतर अर्धी गोरी अर्धी सावळी होतात. मांस ढवळू नका, आता ते मऊ झालंय.

झालंय कसं ओळखायचं: चॉपस्टिक किंवा चमच्याचा देठ कातड्यावर टेकवून हलकं दाबलं की आत जायला हवा, थेट, रबरासारखा परत न येता. मांस मऊ पण तुकडा अखंड. जोरात उकळलं तर वेळ वाचतो असं वाटतं, पण कातड्यातला चिक सुटायला आच कमी आणि वेळ जास्तच लागतो, जोराच्या उकळीने मांसाचे धागे आवळतात आणि कातडं तसंच चिवट राहतं.

शेवटी चव. भाताबरोबर खायचंय म्हणून नुसता रस जिभेवर थोडा जास्तच खारट लागला पाहिजे, आणि गोडी खारटाच्या मागून यायला हवी, पुढून नाही. खारट झालं तर गरम पाणी घालून पाच मिनिटं, साखर घालून खारट झाकायला जाऊ नका, दोन्ही वाढतं. कमी वाटलं तर शेवटचा चमचा फिश सॉस.

आजचं उद्या खा

केल्या दिवशी बरं लागतं. दुसऱ्या दिवशी चांगलं लागतं. तिसऱ्या दिवशी लोक टोप पुसून खातात. गार झालं की दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. सकाळी वर चरबीचा पांढरा थर धरलेला असेल, त्यातला निम्मा काढून डबीत ठेवा, भात परतायला किंवा पालेभाजीला झकास, आणि निम्मा राहू द्या. खालचा रस जेलीसारखा थरथरला की समजायचं कातडं आणि वेळ दोन्ही बरोबर होतं. गरम करताना जेवढं लागेल तेवढंच काढून नीट उकळी आणा. तिकडे टोप फ्रिजबाहेर ठेवून रोज उकळायचे, आपल्या उन्हाळ्यात तो उद्योग नको, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस धरून चाला. अंडी प्रत्येक दिवशी गडद होत जातात आणि चिवटही, तिसऱ्या दिवशीचं तपकिरी अंडं काही लोकांना मुद्दाम आवडतं, मला नाही.

बरोबर काय

पांढरा भात, आणि थोडा चिकट. बासमती इथे बिनकामाचा, सुटा सुटा राहतो, रस खालून वाहून जातो. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर एकदम जमतो.

आणि काहीतरी आंबट पाहिजेच, हे ऐच्छिक नाही, नाहीतर चौथ्या घासाला चरबी घशाशी येते. तिकडे 'युआ या' म्हणजे मोडाचं लोणचं असतं. आपले उसळीचे मूग नाही, ते लांब पांढऱ्या शेपट्यांचे मोड, सुपरमार्केटात मिळतात. ३०० ग्रॅम मोड, एक गाजर काड्या करून, मूठभर कांद्याची हिरवी पात लांब कापून. अर्धा लिटर पाणी, अर्धी वाटी व्हिनेगर, २ चमचे साखर, १ चमचा मीठ उकळून कोमट करा, भाजीवर ओता, वर ताटली दाबून ठेवा. सकाळी केलं तर संध्याकाळी तयार. दुसऱ्या दिवशी जास्त आंबट. मोहरीच्या पाल्याचं आंबवलेलं लोणचंही असतं, 'युआ काय', आपल्याकडे उत्तर भारतीय वस्तीतल्या भाजीवाल्याकडे सरसोंचा पाला मिळतो त्याचं करता येतं पण त्याला दिवस लागतात.

खाताना खरी पद्धत अशी. वाटीत भात, त्यावर अर्धं अंडं, चॉपस्टिकने बलक फोडून रसात कुस्करायचा, रस दाट होतो, मग एक तुकडा मांस, वर लोणचं. शेजारी छोट्या बशीत थोडा रस घेऊन त्यात कच्ची लवंगी मिरची चुरडायची, ज्याला तिखट पाहिजे त्याने त्यात बुडवावं. तिखट इथे प्रत्येकाचं आपापलं असतं. तांदळाचा पातळ कागद, बान त्रांग, मिळाला तर तो ओला करून त्यात मांस, काकडी, पुदिना, लोणचं गुंडाळूनही खातात, तेतच्या तिसऱ्या दिवशी भाताचा कंटाळा आल्यावर.

पोर्क चालत नसेल तर

चिकनच्या तंगड्या, कातड्यासकट, सगळं तसंच, फक्त एकूण ४० मिनिटं. शाकाहारी सुद्धा होतं आणि ते काही आपण लावलेलं शेपूट नाही, तिकडे कितीतरी बौद्ध घरांत चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस खात नाहीत, तेव्हा तळलेला टोफू आणि मशरूम सोया सॉस आणि शहाळ्यात असेच खो करतात. आई माझ्याकडचं पोर्क खात नाही, तिच्यासाठी वेगळ्या पातेल्यात अंडी आणि टोफू करतो. तिचं म्हणणं, चांगलं आहे पण थोडं वाटप घातलं असतंस तर.

शेवटी टोपात मांस संपतं आणि वाटी-दोन वाट्या रस उरतो, तो ओतू नका. को बा त्यात ते आंबट मोहरीच्या पाल्याचं लोणचं पिळून, चिरून टाकायच्या आणि पंधरा मिनिटं शिजवायच्या. मी मुळ्याच्या जाड चकत्या घालतो, मुळा पूर्ण तपकिरी होईपर्यंत. मांस आवडीने खाणारे सुद्धा आमच्याकडे ह्या मुळ्यासाठी भांडतात, त्यामुळे हल्ली रस मुद्दाम जास्त ठेवतो.